कॉम्प्युटरची जागल

आपल्या मासिकाच्या मराठी विभागात कवितांना तोटा नसतो, आणि मेसच्या भाजीवरचे विनोद तर दरवर्षी नव्याने उगवतात. म्हणून या वेळी जरा अभ्यासाचा विषय घेतला आहे. घाबरू नका, परीक्षेला नाही!

जुन्नर-आंबेगावकडच्या कुणालाही 'जागल' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. शहरातून आलेल्या हॉस्टेलच्या मित्रांसाठी सांगतो. पीक हाताशी आलं, की रात्री शेतावर राहून त्याची राखण करायची, म्हणजे जागल. रानडुकरं हाकलायची, पाण्याची पाळी असेल तर मोटर चालू आहे का, पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचलं का, ते बघायचं. अशीच जागल ऑफिसातल्या आणि लॅबमधल्या, रात्रभर चालू राहणाऱ्या कॉम्प्युटरांना कशी लावायची, आणि ती माणसाला न उठवता कशी करायची, हा आजचा विषय.

हा विषय आत्ताच का? कारण आपल्याकडे दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, संध्याकाळी आठला लॅबचा मेन स्विच पाडा, विजेची उधळपट्टी बंद. दुसरा म्हणतो, आमच्या प्रोजेक्टचं सिम्युलेशन तीस तास चालतं, हात लावाल तर बघा! माझ्या मते दोघांचंही बरोबर आहे आणि म्हणूनच दोघांचंही अर्धवट आहे. ते कसं, ते बघू.

उधळपट्टी किती?

आधी हिशोब करू, कारण हिशोबाशिवाय इंजिनिअर म्हणजे मिठाशिवाय पिठलं. समजा, एका लॅबमध्ये ४० कॉम्प्युटर आहेत. काही काम न करता नुसता चालू असलेला साधा डेस्कटॉप ५० वॅट घेतो आणि मॉनिटर २० वॅट, असं धरू. एकूण ७० वॅट. चाळीस मशीनचे झाले २८०० वॅट, म्हणजे २.८ किलोवॅट. संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत १४ तास. गुणाकार केला तर एका रात्रीत ३९.२ युनिट. महिन्याच्या २५ रात्री धरल्या, तर ९८० युनिट. तुमच्या लॅबमधली मशीन नवी असतील तर आकडा कमी येईल, जुनी असतील तर वाढेल. प्लगला मीटर लावून एकदा मोजून बघा, मिनी प्रोजेक्टला विषय मिळेल.

आता हे ३९ युनिट म्हणजे किती? विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटर घ्या. पाच हॉर्सपॉवर म्हणजे ३.७३ किलोवॅट. मोटरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर ती साधारण ४.४ किलोवॅट खेचते. ३९.२ ला ४.४ ने भागा. उत्तर येतं जवळजवळ नऊ तास. म्हणजे एका लॅबमध्ये कुणीही नसताना जी वीज जाते, तिच्यावर एका शेतकऱ्याची अख्ख्या रात्रीची पाण्याची पाळी निघते. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते असं.

आणि या भागात रात्रीची पाळी म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यांना माहीत आहे. शेतीच्या फीडरला काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री थ्री-फेज वीज द्यायची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू केला. पण जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत, प्रश्न फक्त झोपमोडीचा नाही. कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी इथे पाणी आणलं, पाण्याने ऊस आणला आणि उसाने बिबट्याला घर दिलं. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उगाच झालेलं नाही. रात्री बॅटरी घेऊन मोटर बघायला जाणाऱ्या माणसाच्या मनात काय चालतं, ते मी घरात पाहिलं आहे. आप्पा (माझे चुलते) विहिरीवर जायचे तेव्हा ते परत येईपर्यंत आजी झोपायची नाही.

म्हणून 'लाईट चालू राहिला तर एवढं काय' असं कुणी म्हटलं, की मला ते पटत नाही. वीज वायरमधून येते हे खरं, पण ती कुणाच्या तरी वाट्याची असते.

ऑटोने शिकवलेले तीन धडे

शेतकऱ्याने या रात्रीच्या फेरीवर उपाय काढला, तो म्हणजे स्टार्टरला लावलेला 'ऑटो'. थ्री-फेज आली की मोटर आपोआप सुरू. कुणी उठायला नको. आपल्या विषयाचा हा सख्खा भाऊच! माणूस हजर नसताना, ठरलेल्या वेळी किंवा ठरलेली गोष्ट घडली की, यंत्राने आपणहून काम करायचं. या ऑटोकडून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली: ऑटोला विहिरीत पाणी आहे की नाही ते दिसत नाही. पाणी नसताना मोटर कोरडी फिरली, तर जळते. म्हणून ऑटोच्या जोडीला पाण्याची पातळी बघणारं किंवा कोरडी मोटर बंद करणारं साधन लागतं. म्हणजेच, नुसतं 'वेळ झाली, कर' पुरत नाही. 'करण्यासारखी परिस्थिती आहे का' हेही विचारावं लागतं.

दुसरी: सगळ्यांचे ऑटो एकाच क्षणी मोटर सुरू करतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते. पन्नास मोटरी एकदम उठल्या, की डीपीवर ताण येतो आणि कधी कधी ट्रान्सफॉर्मरच जातो. महावितरणवाले 'ऑटो काढा, कपॅसिटर बसवा' असं सारखं का सांगतात, त्याचं कारण हेच. म्हणजेच, सगळ्यांना एकच मुहूर्त देऊ नये.

तिसरी: ऑटोने मोटर सुरू केली की नाही, हे घरी बसून कळत नाही. म्हणून पुढे मोबाईल स्टार्टर आले. मोटर सुरू झाली, बंद पडली, लाईट गेली, हे फोनवर कळू लागलं. म्हणजेच, काम झालं की नाही त्याचा निरोप हवा.

हे तीन धडे डोक्यात ठेवा. पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे.

मुहूर्त कोण सांभाळतं?

लिनक्सवर हे काम 'क्रॉन' करतो. १९७९ मध्ये आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो होता. १९८७ मध्ये पॉल विक्सी यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती लिहिली आणि तिचेच वंशज पुढे बऱ्याच लिनक्स मशीनवर आले. क्रॉन हा गुरवासारखा आहे. दर मिनिटाला उठतो, यादी बघतो, आत्ताच्या मिनिटाला कोणतं काम आहे ते पाहतो, असेल तर सुरू करून देतो आणि पुन्हा झोपतो.

त्याच्या यादीत प्रत्येक कामापुढे पाच जागा असतात. मिनिट, तास, महिन्याची तारीख, महिना आणि वार. चांदणी म्हणजे 'कोणतंही चालेल'. समजा, सोमवार ते शनिवार रोज संध्याकाळी साडेसहाला तपासणी करायची आहे. मग लिहायचं:

३० १८ * * १-६

(इथे मासिकासाठी आकडे मराठीत छापले आहेत. मशीनवर इंग्रजी आकडेच द्या, नाहीतर क्रॉन तुमच्याकडे बघणारही नाही!) वारांची मोजणी रविवार शून्य, सोमवार एक अशी. यात एक खोच आहे आणि ती तोंडी परीक्षेत विचारण्यासारखी आहे. तारीख आणि वार या दोन्ही जागा भरल्या, तर क्रॉन 'दोन्ही जुळतील तेव्हा' असा अर्थ घेत नाही. दोनपैकी एक जुळलं तरी तो काम सुरू करतो. 'एक तारखेला रविवार आला तरच' असं काम लावायला गेलात, तर ते दर एक तारखेला आणि शिवाय दर रविवारी चालेल.

विंडोजवर हेच काम टास्क शेड्युलर करतो. त्याच्यात खिडक्या-खिडक्यांतून वेळ नेमता येते आणि शिवाय काही अटी घालता येतात. मशीन रिकामं असेल तरच चालव. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला असतानाच चालव. मशीन झोपलेलं असेल तर उठवून चालव. आणि सर्वांत उपयोगी अट म्हणजे, नेमलेली वेळ मशीन बंद असल्यामुळे हुकली, तर पुढे जमेल तितक्या लवकर चालव. साधा क्रॉन हुकलेलं काम परत करत नाही. वेळ गेली म्हणजे गेली. त्यासाठी लिनक्सवर 'अ‍ॅनाक्रॉन' नावाचा वेगळा प्रोग्रॅम आहे. आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा ही अट विसरून चालणार नाही.

मुहूर्ताच्या बाबतीत आणखी तीन खड्डे सांगतो.

एक, घड्याळ. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला, की मशीन बंद करून चालू केल्यावर तारीख कुठल्या कुठे जाते. मग साडेसहाची तपासणी पहाटे होते. नेटवर्कवरून वेळ जुळवून घ्यायची सोय चालू ठेवा. शिवाय पुष्कळ सर्व्हर जागतिक वेळेवर ठेवलेले असतात. आपण तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. तिथे आपल्या संध्याकाळी साडेसहासाठी तेरा वाजता, म्हणजे दुपारी एकला, असं लिहावं लागतं.

दोन, पत्ता. 'सर, प्रोग्रॅम हाताने चालवला तर चालतो, क्रॉनमधून चालत नाही!' ही तक्रार लॅबमध्ये वर्षातून दहा वेळा ऐकू येते. कारण साधं आहे. तुम्ही लॉगिन करता तेव्हा कोणता प्रोग्रॅम कुठे आहे याची मोठी यादी मशीनजवळ असते. क्रॉनजवळ फार छोटी असते. म्हणून यादीत लिहिताना प्रत्येक प्रोग्रॅमचा आणि फाईलचा पूर्ण पत्ता द्या.

तीन, गर्दी. ऑटोचा दुसरा धडा आठवा. चाळीस मशीननी एकाच मिनिटाला अँटिव्हायरसचं अपडेट ओढायला सुरुवात केली, तर नेटवर्कचा डीपी उडालाच म्हणून समजा. पहिलं मशीन साडेसहाला, दुसरं ६ वाजून ३२ मिनिटांनी, असं मागेपुढे करा. टास्क शेड्युलरमध्ये 'इतक्या मिनिटांपर्यंत कितीही उशीर कर' अशी सोयही आहे.

तपासणीत विचारायचं काय?

वेळ ठरली. आता जागल्याने फेरी मारताना काय बघायचं? मी पाच प्रश्न सुचवतो, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

१) मशीन चालू आहे का? नेटवर्कवरून हाक मारायची, म्हणजे पिंग करायचं. ओ आली तर चालू. पण ओ नाही आली तर बंदच, असं मात्र समजू नका. विंडोजची फायरवॉल पुष्कळदा पिंगला उत्तर देऊ देत नाही. दार वाजवल्यावर कुणी बोललं नाही म्हणजे घर रिकामंच असतं असं नाही.

२) कुणी लॉगिन करून गेलं आहे का? हा प्रश्न विजेपेक्षा सुरक्षिततेचा आहे. एखाद्या विभागाच्या ऑफिसात परीक्षेच्या गुणांची फाईल उघडी ठेवून कुणी घरी गेलं असेल, तर निदान स्क्रीनला कुलूप तरी लागलं पाहिजे.

३) काम चाललं आहे का? इथे सगळे फसतात. कीबोर्ड आणि माऊसला अर्धा तास हात लागला नाही, म्हणजे मशीन रिकामं, असं धरतात. सिम्युलेशनला माऊस लागत नाही! म्हणून गेल्या पंधरा-वीस मिनिटांत प्रोसेसर किती कामात होता, डिस्कवर लिहिणं-वाचणं चालू आहे का, नेटवर्कवरून फाईल जात-येत आहे का, हे बघा. एका क्षणाचा आकडा घेऊ नका, सरासरी घ्या.

४) मशीन कुणी राखून ठेवलं आहे का? याच्याबद्दल पुढे सविस्तर.

५) तब्येत कशी आहे? डिस्कवर जागा किती उरली, अँटिव्हायरसची यादी किती दिवसांची आहे, शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा. आणि डिस्कची स्वतःची वही. हो, हार्डडिस्क स्वतःच्या दुखण्याची नोंद स्वतः ठेवते. खराब झाल्यामुळे बदलावे लागलेले सेक्टर किती, आजवर एकूण किती तास चालली, असं सगळं तिच्यात असतं. या सोयीचं इंग्रजी लघुरूप 'स्मार्ट' असं होतं.

या वहीतला 'एकूण किती तास' हा आकडा फार बोलका आहे. चार वर्षांपूर्वी आलेलं मशीन रोज आठ तास, वर्षाचे ३०० दिवस चाललं असेल, तर ९६०० तास व्हायला हवेत. ते कधीच बंद झालं नसेल, तर ३५ हजारांच्या आसपास होतील. आपल्या लॅबमधल्या कोणत्याही मशीनचा आकडा काढून बघा, चार वर्षं रात्री काय झालं ते कुणाला न विचारता कळेल.

पाच उत्तरं मिळाली, की मग कृती. आणि कृती म्हणजे लगेच गळा दाबणं नव्हे. पायऱ्या आहेत. आधी मॉनिटर बंद. मग झोप, म्हणजे स्लीप. यात सगळं मेमरीत राहतं आणि मशीन जेमतेम काही वॅट घेतं, पण लाईट गेली तर मेमरीतलं सगळं जातं. त्याच्यापुढे हायबरनेट. यात मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवून मशीन पूर्ण बंद होतं. सकाळी चालू केलं की अर्धवट लिहिलेला रिपोर्ट होता तसा समोर. आपल्या भागातल्या लाईटचा भरवसा बघता मी हायबरनेटच्या बाजूने मत देईन. सरळ शटडाउन हा शेवटचा उपाय, आणि तोही लॉगिन कुणाचं नसेल तरच.

बंद मशीनला रात्री अपडेटसाठी उठवायचं असेल, तर 'वेक ऑन लॅन' आहे. यात नेटवर्कवरून १०२ बाइटचा एक निरोप पाठवतात. सुरुवातीला सहा बाइट सगळे एकेकाचे आणि मग त्या मशीनच्या नेटवर्क कार्डाचा सहा बाइटचा पत्ता सोळा वेळा. सहा अधिक शहाण्णव, एकशेदोन. झोपलेल्या माणसाला सोळा वेळा नावाने हाक मारली की तो उठणारच!

खोडदचा रात्रीचा कारभार

आता म्हणाल, हे सगळं मोठ्या प्रमाणावर कुणी करतं का? लांब कशाला जायचं, नारायणगावजवळ खोडदला चला. तिथे 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप', म्हणजे आपली जीएमआरटी, आहे. प्राध्यापक गोविंद स्वरूप (१९२९ ते २०२०) यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं पुण्यातलं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवतं. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. चौदा मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या परिसरात आणि बाकीच्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर, आसपासच्या गावांच्या शिवारात. टोकाच्या दोन अँटेनांमधलं अंतर २५ किलोमीटरपर्यंत जातं. गंमत म्हणजे, जाळीची हलकी तबकडी दोरखंडांच्या सांगाड्यावर ताणून बसवण्याच्या त्यांच्या पद्धतीच्या इंग्रजी नावाचं लघुरूपही 'स्मार्ट'च होतं!

या अँटेना दिवसरात्र काम करतात. कमी फ्रिक्वेन्सीच्या निरीक्षणाला तर रात्र जास्त चांगली, कारण तेव्हा वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर शांत असतो आणि माणसांनी केलेला रेडिओ गोंगाटही कमी असतो. आता रात्री दोन वाजता टोकाची अँटेना नीट फिरते आहे का, हे बघायला कुणी मोटारसायकल काढत नाही. प्रत्येक अँटेनाच्या तळाशी नियंत्रणाचा कॉम्प्युटर आहे आणि तो ऑप्टिकल फायबरने खोडदच्या कंट्रोल रूमशी जोडलेला आहे. तिथूनच विचारपूस होते आणि तिथूनच हुकूम जातो. वाऱ्यावरही सतत नजर असते. ताशी ४० किलोमीटरपर्यंतच्या वाऱ्यात निरीक्षण चालावं, अशी या अँटेनांची रचना आहे. वारा फारच वाढला, की त्या तोंड सरळ वर करून उभ्या केल्या जातात.

पण मला खोडदची सर्वांत महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. या दुर्बिणीचा वेळ मागून घ्यावा लागतो. जगभरातले खगोलशास्त्रज्ञ अर्ज करतात, समिती ते तपासते आणि ऑक्टोबर ते मार्च व एप्रिल ते सप्टेंबर अशा सहा-सहा महिन्यांच्या हंगामांसाठी वेळ वाटून दिला जातो. मंगळवारी रात्री अमुक ते अमुक दुर्बीण कुणाची, हे आधी लिहिलेलं असतं. त्यामुळे चालू असलेलं यंत्र कामात आहे की वाया चाललं आहे, असा प्रश्नच पडत नाही.

खोडदला आणखी एक गोष्ट समजते. कॉम्प्युटर नुसता वीज खात नाही, तो रेडिओ लहरींत कुजबुजतोही. दुर्बिणीला तारकांचे इतके क्षीण संदेश ऐकायचे असतात, की शेजारच्या कॉम्प्युटरची कुजबुज तिला ओरडण्यासारखी वाटते. म्हणून तिथली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा धातूने वेढलेल्या खोल्यांत ठेवतात. चालू ठेवलेल्या यंत्राची किंमत फक्त बिलावर दिसत नाही, ती अशीही मोजावी लागते. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे सर्वांना प्रवेश देऊन प्रदर्शन भरवतात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी जरूर जावं.

नेमलं म्हणजे झालं नव्हे

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी आपल्याच भागातल्या एका पतसंस्थेत महिनाभर कॉम्प्युटरची कामं केली. नाव सांगत नाही, कारण अशी गोष्ट कुठेही घडू शकते. तिथे बॅकअपची वेळ रोज रात्री अकरा अशी नेमलेली होती. कामकाज संपलेलं असतं, खाती स्थिर असतात, त्यामुळे वेळ उत्तम. भिंतीवर दुसरी एक सूचनाही होती: 'वीज वाचवा. रात्री आठला मेन स्विच बंद करावा.' वॉचमन काका अतिशय प्रामाणिक. ते रोज न चुकता आठला स्विच पाडत.

पुढचं सांगायला नकोच. सूचना लागल्यापासून बॅकअप एकदाही झालेला नव्हता. शेवटची फाईल चार महिन्यांपूर्वीची होती. हुकलेलं काम नंतर चालवायची अट घातलेली नव्हती आणि सकाळी ती तारीख बघायचं काम कुणाकडेच नव्हतं. नशिबाने नुकसान काही झालं नाही. पण त्या चार महिन्यांत डिस्क गेली असती, तर टोमॅटोच्या पट्टीचे आणि दुधाच्या पगाराचे पैसे ठेवणाऱ्या माणसांना कागदी पावत्या शोधत फिरावं लागलं असतं.

इथे वाईट कोण होतं? कुणीच नाही. बॅकअप लावणारा बरोबर, वीज वाचवणारा बरोबर, वॉचमन काका तर शंभर टक्के बरोबर. फक्त दोन सूचनांची एकमेकींशी ओळख करून दिलेली नव्हती. संस्थेने मग बॅकअप सव्वासहाला आणला, आणि रोज सकाळी शेवटच्या फाईलची तारीख रजिस्टरमध्ये लिहायची पद्धत सुरू केली. ऑटोचा तिसरा धडा तो हाच. तपासणीचा निरोप माणसापर्यंत पोचला पाहिजे, आणि निरोप *आला नाही* तर तेही कुणाच्या तरी लक्षात आलं पाहिजे. 'काही बिघडलं तरच कळव' असं सांगितलेला जागल्या झोपला, तरी सगळं शांतच वाटतं.

आपण काय करावं?

आता आपल्या लॅबच्या भांडणाकडे येऊ. आठला मेन स्विच पाडणं म्हणजे न विचारता बंद करणं. त्यात फायनल इयरच्या मुलांचं तीस तासांचं काम जातं, आणि बॅकअपही. सगळं रात्रभर चालू ठेवणं म्हणजे न विचारता चालू ठेवणं. त्यात शेजारच्या गावातल्या एकाची रात्रभराची पाळी जाते. दोन्हींत एकच उणीव आहे, ती म्हणजे विचारलेलं नाही. तेव्हा माझी सूचना अशी:

पहिले पंधरा दिवस तपासणीने काहीही बंद करू नये. फक्त फेरी मारावी आणि कोणतं मशीन किती वाजता चालू होतं, कामात होतं की रिकामं, एवढं लिहून ठेवावं. त्यावरून खरी उधळपट्टी किती आणि खरी गरज किती, ते कळेल. भांडायचंच असेल, तर निदान आकडे घेऊन भांडू.

त्यानंतर प्रत्येक मशीनवर एक 'राखीव' फाईल असावी. ज्याला रात्री मशीन हवं, त्याने तिच्यात नाव, काम आणि केव्हापर्यंत, हे लिहावं. तपासणीने ती वाचावी आणि त्या मशीनला हात लावू नये. पण मुदत उलटली, की राखीवपण आपोआप संपावं. नाहीतर एकदा लिहिलेलं नाव पास होऊन गेल्यावरही तसंच राहील, एसटीतल्या रुमालासारखं! ही कल्पना माझी नाही, खोडदचीच आहे, फक्त समितीऐवजी एक फाईल.

तिसरं, सिम्युलेशन चालवणाऱ्यांनीही आपलं काम अधूनमधून डिस्कवर उतरवून ठेवायची सवय लावावी. लाईट गेली, तर ती राखीव फाईल वाचत बसत नाही.

चौथं, रोजचा निरोप एका कागदावर मावेल एवढाच असावा आणि तो लॅबच्या दारावर लागावा. लॅबमधले मामा रोज सकाळी कुलूप उघडतात. कालच्या तारखेचा कागद आलेला नसेल, तर त्यांनी सरांना सांगावं, एवढंच. चाळीस मशीनची जागल क्रॉन करील, पण क्रॉनची जागल मामांनीच करायची आहे. त्यांचं नावही त्या कागदावर छापलेलं असावं, असं मला वाटतं.

याला खर्च किती? काही नाही. क्रॉन आणि टास्क शेड्युलर मशीनबरोबर फुकटच येतात. तपासणीचा प्रोग्रॅम दोन-तीन संध्याकाळींत लिहून होतो. आमच्या ग्रुपने तो लिहायला घेतला आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या ज्या मित्रांना हात लावायचा असेल, त्यांनी जेवणानंतर मेसमध्ये भेटावं. विजेचं मीटर असेल तर येताना घेऊन या. चहा आमच्याकडून!